मालनबाईंच्या पदराचा धागा

माझ्या सासूबाईंना, मालनबाईंना, सही करता येत नव्हती. पगाराच्या दिवशी त्या अंगठा लावायच्या आणि निळं बोट पदराला न पुसता भिंतीला पुसायच्या. पण बेगमपेठच्या विमानतळावरून उडणाऱ्या तीन विमानांत त्यांनी आपली खूण ठेवलेली होती, आणि ती कुणालाच माहीत नव्हती. ती उघडी कशी पडली ते मी लिहिते. आमच्या परभणीकडच्या घरांत सासूला आत्याबाई म्हणतात, म्हणून पुढं मीही तसंच लिहीन.

आत्याबाई आणि माझे सासरे देवराव मिलिटरी आल्याच्या साली, म्हणजे अठ्ठेचाळीसात, गाव सोडून हैदराबादेत आले. मामंजींना युनिव्हर्सिटीत शिपायाची जागा मिळाली. आत्याबाई एका विमान कंपनीच्या शेडमध्ये झाडलोटीला लागल्या. कंपनीचं नाव लिहीत नाही. ती आता राहिली नाही, पण तिथं राबलेल्यांची लेकरंबाळं आहेत. कंपनीची तीन डाकोटा विमानं होती. कधी माल न्यायची, कधी कुणी भाड्यानं घेतली तर माणसं.

विमान म्हटलं की सगळा पत्राच असणार असं आपल्याला वाटतं. मलाही लग्न होऊन येईपर्यंत तसंच वाटायचं. पण त्या डाकोटाच्या शेपटीला आडव्या हलत्या झडपा असतात, एक डावी, एक उजवी. त्या खालीवर झाल्या की विमानाचं नाक वर-खाली होतं. आणि त्या झडपांवर पत्रा नसतो, कापड असतं. सांगाड्यावर कापड ताणून बसवायचं, हातभर लांब सुईनं मेणाचा दोरा या अंगानं घालून त्या अंगानं काढायचा, आणि दर चार बोटांवर गाठ मारायची. गाठ अशी, की एक तुटली तरी शेजारची जागची हलू नये. वर कापडाची पट्टी चिकटवायची आणि डोप नावाचं रोगण चढवायचं. त्याला सडत आलेल्या केळ्यासारखा वास. आत्याबाई घरी आल्या की तो वास त्यांच्या आधी दारात यायचा.

झाडू सोडून त्या सुईवर कशा गेल्या, तेही सांगते. जेवणाच्या सुट्टीत त्या शेडच्या मागं बसून वाकळ शिवायच्या. कंपनीचे तपासनीस हशमत अली साहेब तिथून जाताना थांबले. खिशातली पट्टी काढून त्यांनी टाके मोजले. बारा टाके, बाराही सारख्या अंतरावर. त्यांनी वाकळ परत दिली आणि दुसऱ्या दिवशी झाडू दुसऱ्याच्या हातात गेला. गाठ शिकायला आत्याबाईंना तीन दिवस लागले. त्या म्हणायच्या की दोन दिवसांतच आली होती, तिसरा दिवस साहेबांना खात्री पटायला लागला.

आता त्या वाकळेची रीत. आत्याबाईंच्या माहेरी वाकळ शिवायला घेतली की शिवणारीनं पहिल्या टाक्यात आपल्या पदराचा एक धागा काढून घालायचा. त्यांच्या आईनं सांगितलं होतं, वाकळ कुणाच्याही अंगावर जावो, थंडीनं विचारलं तर धाग्यानं सांगावं की मला अमकीनं शिवलंय. यात देव नाही, देवीही नाही. नुसती आपल्या हाताची आठवण. विमानाची झडप शिवायला घेतली तेव्हाही त्यांनी तेच केलं. बुडाकडच्या पहिल्या गाठीत पदराचा धागा, वर पट्टी, वर डोप. आठ वर्षांत कुणाला कळलं नाही, आणि आपण काही वावगं करतोय असंही त्यांच्या मनाला शिवलं नाही.

छप्पनच्या दसऱ्याला दोघं नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले. आत्याबाईंनी त्यासाठी पांढरं लुगडं घेतलं होतं. घरातले देवांचे जुने टाक मुसी नदीत गेले आणि कोनाड्यात बुद्धाची तसबीर आली. महिन्याभरानं मी लग्न होऊन त्या घरात आले. मी जामबागेच्या मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेली, म्हणून संध्याकाळची वंदना वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं. पाली शब्द मला तरी कुठं येत होते. खाली मराठी अर्थ छापलेला असायचा, तो मी सावकाश वाचायची.

त्याच दिवसांत राज्य मोडलं. मराठवाडा मुंबईकडे गेला, हैदराबाद आंध्रात. कचेऱ्यांतले मराठी कारकून बिऱ्हाडं बांधून औरंगाबादला निघाले. कंपनीनंही ठरवलं की विमान दुरुस्तीची शेड मद्रासला न्यायची. कामगारांना सांगितलं, यायचं त्यांनी या, बाकीच्यांनी घरी जा. शेडमध्ये मराठी, तेलुगू, दखनी बोलणारे साठ-सत्तर लोक. कुणाची पोरं शाळेत, कुणाची म्हातारी आई. युनियनचे सेक्रेटरी एकनाथराव म्हणून होते, मूळचे नांदेडचे, इंजिनचे मिस्त्री. त्यांनी आधी नियमानं काम सुरू केलं. म्हणजे पुस्तकात लिहिलंय तेवढंच आणि तसंच करायचं, घाई कुणाची ऐकायची नाही. विमानं तासन्‌तास जमिनीवर उभी राहू लागली. मॅनेजर प्रतापराव चिडले, दोघांना काढलं, आणि फेब्रुवारीत सगळे संपावर गेले. आत्याबाई शेडमधली एकटी बाई. त्याही गेटाबाहेर जाऊन बसल्या. सोबत सुई नेली होती. संप आहे म्हणून हात कशाला रिकामा ठेवायचा, असं त्यांचं म्हणणं.

प्रतापरावांनी बाहेरची माणसं आणून विमानं चालू ठेवली. हशमत अली साहेबांनी त्या माणसांच्या कामावर सही करायला नकार दिला, तेव्हा त्यांना सक्तीच्या रजेवर घरी बसवलं. मग एकेक सुरू झालं. एका विमानाच्या तेलाचं झाकण नीट बसवलं नव्हतं, पंखभर तेल उडालं आणि ते अर्ध्यातून परत आलं. दुसऱ्याचं एक चाक खाली येईना. हातपंप मारून मारून उतरवलं. गेटाबाहेर बसलेली माणसं वर बघत होती. एकनाथराव म्हणाले की आता कंपनीला अक्कल येईल. आत्याबाई त्यांच्यावरच बिघडल्या. वर माणसं हायती, अक्कल यायला ती मरायची का, असं त्यांनी सगळ्यांदेखत विचारलं.

तिसरी वेळ फार वाईट होती. महसूल कचेरीचे सोळा कारकून, कुणाकुणाची बायकापोरं, आणि दप्तरांचे गठ्ठे घेऊन विमान औरंगाबादला निघालं. कॅप्टन मुकुंदराव चालवत होते. बिदरच्या अलीकडं शेपूट थरथरायला लागलं. हातातला दांडा असा हिसके देत होता म्हणे, की दोघा वैमानिकांनी मिळून तो धरला. मुकुंदरावांनी वेग कमी केला, विमान हळूहळू वळवलं आणि बेगमपेठला आणून टेकवलं. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. पण खाली उतरून लोकांनी मागं पाहिलं, तर उजव्या झडपेचं कापड फाटक्या धोतरासारखं लोंबत होतं.

दुसऱ्या दिवशी आत्याबाईंना कागद आला. इंग्रजीत होता. एकनाथरावांनी वाचून अर्थ सांगितला. दोन्ही झडपा संपाआधी, जानेवारीत शिवल्याचं कामाच्या कार्डावर आहे, आणि शेडमध्ये शिवण मालनबाईच करतात. उजवीत त्यांनी हयगय केली किंवा मुद्दाम कच्चं शिवलं. चौकशी होईल, दोष निघाला तर नोकरी जाईल आणि प्रकरण पोलिसांकडे जाईल.

खरं असं होतं की जानेवारीत त्यांनी फक्त डावी शिवली होती. उजवीचं कापड ताणायच्या आधीच संप झाला. पण कार्डावर शिवणाऱ्याचं नाव घालायची पद्धतच नव्हती. सुपरवायझर लिहायचा, वरचा सही करायचा. आणि उजवीच्या कार्डावर सही हशमत अली साहेबांची नव्हे, प्रतापरावांची होती.

चौकशीच्या आदल्या दिवशी चहाच्या वेळी एकनाथराव घरी आले. मुंबईहून सरकारी साहेब येणार होते. तेव्हा आत्याबाईंनी पहिल्यांदा धाग्याचं सांगितलं. डाव्या झडपेत माझा धागा हाय, उजवीत नसणार, उकलून बघा म्हणावं.

एकनाथराव कपाळाला हात लावून बसले. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. विमानात कार्डावर नसलेली काडीही घालायची नाही असा कायदा. कंपनी म्हणेल, बघा, हे कामगार विमानात काय काय लपवतात. उद्या सगळ्या संपाला तेच नाव पडेल. त्यापेक्षा उजवी मी शिवली नाही एवढंच सांगा, गप बसा, पुढचं युनियन बघेल. मामंजींनाही तेच पटलं. आताच दीक्षा घेतली आपण. लोक हसतील, म्हणतील धर्म बदलला पण गंडेदोरे सुटले नाहीत.

आत्याबाई म्हणाल्या, "गंडा न्हाई त्यो. ज्याला सही येत न्हाई त्याची सही हाय."

एकनाथराव गेल्यावर मी दिवा लावला. वंदना वाचताना पंचशीलातल्या चौथ्या शीलावर आत्याबाईंनी मला थांबवलं आणि अर्थ पुन्हा वाचायला लावला. खोटं बोलण्यापासून मी दूर राहीन, असा होता. त्यांनी विचारलं, "सखू, न सांगणं म्हंजी खोटं बोलणं का गं?"

मी म्हटलं, पुस्तकात तेवढं दिलेलं नाही.

त्यांनी तसबिरीकडे पाहिलं. मग उठून भाकरी थापायला गेल्या. परातीवर हात एकसारखा पडत होता, त्यावरून मला समजलं की त्यांचं ठरलं.

सकाळी त्यांनी मला बरोबर घेतलं. इंग्रजी कागदाचं उत्तर मराठीत लिहून द्यायचं होतं. आत्याबाई सांगत गेल्या तसं मी बसमध्ये मांडीवर वही ठेवून लिहिलं. त्यांनी सांगितलेली पहिली ओळ अशी होती : डावी झडप माझी आहे, उजवी माझी नाही, आणि माझी एक चूकही मी सांगणार आहे.

शेडमध्ये दोन्ही झडपा लाकडी घोड्यांवर आडव्या ठेवल्या होत्या. मुंबईचे साहेब, प्रतापराव, एकनाथराव, मुकुंदराव, आणि रजेवरून बोलावून घेतलेले हशमत अली साहेब. मुंबईच्या साहेबांनी माझा कागद वाचून घेतला. त्यांना मराठी येत होतं, पुण्याकडचं. मग त्यांनी आत्याबाईंना विचारलं की धागा कुठं आहे. आत्याबाईंनी डाव्या झडपेच्या बुडाशी बोट ठेवलं. पांढरा हाय, म्हणाल्या, दसऱ्याच्या लुगड्याचा.

डोप खरवडून पट्टी उचलली. साहेबांनी वाकून पाहिलं, धागा दिसेना. पांढऱ्या कापडावर पिवळट मेणाचा दोरा आणि त्यात पांढरा धागा. प्रतापरावांनी घड्याळ बघितलं आणि म्हणाले की बाईला दुसरं काही सुचलं नाही वाटतं. आत्याबाई जागच्या हलल्या नाहीत. हशमत अली साहेबांनी खिशातलं भिंग काढलं, डोळ्याला लावलं, आणि सुईच्या टोकानं पहिल्या गाठीतून एक तंतू अलगद वर उचलला. तो डोपनं कडक झाला होता, पण सुती होता, साध्या लुगड्याचा. आत्याबाई तेच लुगडं नेसून आल्या होत्या. मुंबईच्या साहेबांनी पदराचं टोक मागितलं आणि दोन्ही शेजारी धरून पाहिले.

मग उजवी उकलली. धागा नव्हताच. गाठीही नव्हत्या. या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ धावदोरा घातलेला. एका जागी तुटला आणि सगळाच्या सगळा सुटत गेला.

प्रतापराव म्हणाले की मुद्दाम बिघडवायचं म्हणूनच तिनं धागा घातला नसेल. यावर हशमत अली साहेब पहिल्यांदा बोलले. धागा भूल सकते, म्हणाले, आठ बरस का हात गाठ नै भूलता. आणि त्यांनी धावदोऱ्याकडे बोट दाखवून सांगितलं की हा टाका कुणाचा, ते सुलतान बाजारात कुणीही सांगेल. तंबूवाल्याचा आहे.

सुलतान बाजारातून त्या तंबूवाल्याला शोधून आणायला तासभर लागला. लिंगय्या नावाचा म्हातारा, शामियाने शिवणारा. त्यानं काहीच लपवलं नाही. पंधरा दिवसांपूर्वी मला मोटारीतून आणलं, तंबूसारखंच शीव म्हणाले, मी शिवलं. लग्नात वादळ आलं तरी माझा तंबू फाटला नाही, असंही त्यानं ठासून सांगितलं. आत्याबाईंनी उजव्या झडपेवर हात फिरवला आणि त्याला म्हणाल्या की टाका चांगला हाय बाबा, जागा चुकली. मुंबईच्या साहेबांनी प्रतापरावांपुढं कार्ड ठेवून एवढंच विचारलं की ही तारीख आणि सही तुमचीच ना. प्रतापरावांनी रुमालानं चष्मा पुसला.

एवढ्यावर सगळं संपलं असं मला वाटलं. संपलं नव्हतं. हशमत अली साहेब आत्याबाईंसमोर येऊन उभे राहिले. चेहरा रागाचा नव्हता, दुखावलेला होता.

"आठ साल, मालन. मेरेकू बी नै बोली तू. आज तेरा धागा, कल किसीका तावीज, परसों किसीका नारियल. फिर जहाज काय के भरोसे पे उडना?"

आत्याबाई म्हणाल्या, "बराबर हाय साहेब. चूक माझी. पर मला एक सांगा. कार्डावर तुमची सही हाय, सुपरवायझरची हाय. ज्या हातानं शिवलं त्यो हात कुठं हाय?"

हशमत अली साहेबांनी कार्ड उचललं, पाठपोट पाहिलं, जणू त्यांना तिथं काही सापडायला हवं होतं. मग ते मुंबईच्या साहेबांकडे वळले आणि म्हणाले की हिचं म्हणणं लिहून घ्या.

धाग्याबद्दल आत्याबाईंना लेखी ताकीद मिळाली. शिवाय हुकूम झाला की तिन्ही विमानांत जिथं जिथं त्यांचा धागा आहे तिथलं कार्डावर नोंदवायचं, कार्डावर नसलेलं काही विमानात राहायला नको. दोन दिवस त्या शेडमध्ये बसून आठवून सांगत होत्या आणि हशमत अली साहेब इंग्रजीत लिहीत होते. या विमानाची डावी झडप, जांभळा, नणंदेच्या लग्नातलं लुगडं. त्या विमानाच्या शेपटीची उभी झडप, हिरवा, पोरगा पास झाला तेव्हाचं. साहेब मधेच विचारायचे, हे लग्नाचंही लिहू का. लिहा की, खरं हाय ते, असं त्या म्हणायच्या. त्यांनी लिहिलं की नाही कोण जाणे.

दहा दिवसांनी तडजोड झाली. शेड आणखी तीन वर्षं हैदराबादेत राहील, काढलेले दोघं परत येतील. आणि एक कलम एकनाथरावांनी हट्टानं घातलं. ज्यानं काम केलं त्याचा नंबर कार्डावर आणि कामावर पडलाच पाहिजे, बिननंबरी हात विमानाला लागणार नाही. प्रत्येकाला रबरी शिक्का मिळाला. आत्याबाईंचा अकरा नंबर. त्या दिवशी त्यांनी तो घरी आणला, वहीच्या मागच्या पानावर एकदाच उमटवून बघितला आणि रुमालात बांधून ठेवला. मामंजींनी विचारलं की आता धागा सुटला का. त्या म्हणाल्या, विमानात सुटला. वाकळंत न्हाई सुटायचा.

उजवी झडप त्यांनी नव्यानं शिवली. चार दिवस लागले. हशमत अली साहेबांनी गाठ न्‌ गाठ भिंगाखालून पाहिली आणि सही केली. सहीच्या आधी, त्याच ओळीत, अकरा नंबर होता.

त्या विमानाचं पहिलंच उड्डाण पुन्हा औरंगाबादचं. तेच कारकून, तेच गठ्ठे, फक्त या वेळी बायकापोरांना रेल्वेनं पाठवलं होतं. आत्याबाईंचा डबा विसरला होता, तो द्यायला मी गेले होते, म्हणून मी हे डोळ्यांनी पाहिलं. मुकुंदराव विमानाला फेरी मारून शेपटीपाशी थांबले. आत्याबाई तिथंच उभ्या होत्या. कारकून शिडीखाली घुटमळत होते, वर चढायला कुणी पुढं होईना. सगळ्यांचं लक्ष या दोघांकडे.

मुकुंदरावांनी अर्धं हसत, अर्धं खरोखर विचारलं, "मालनबाई, धागा घातलाय ना?"

"न्हाई घातला," आत्याबाई म्हणाल्या. "शिक्का बघा, अकरा नंबर. अन् शिक्क्यावर बी जाऊ नका. हातानं हलवून बघा, मग उडा."

मुकुंदरावांनी टोपी काखेत धरली, झडप दोन्ही हातांनी पकडली आणि वर-खाली, वर-खाली करून पाहिली. मग ते शिडी चढले. त्यांच्या मागोमाग दप्तराचा गठ्ठा छातीशी धरलेला पहिला कारकून चढला, आणि मग बाकीचे एकेक करून.